शून्य बघायचं राहिलं

४ जानेवारी

आहारवाल्या बाई म्हणाल्या, एक वही ठेवा. काय खाल्लं ते लिहा, काय वाटलं तेही लिहा. रोज लिहिण्याइतकं माझ्या आयुष्यात काही घडत नाही. पण दोन गाड्यांच्या मधे केबिनमध्ये बसून मी तरी काय करतो? माश्याच मारतो. त्यापेक्षा हे बरं.

मी वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक लोखंडी फलाटावर येतो, मी वजन घेतो. माल उतरवून तोच ट्रक रिकामा येतो, मी परत वजन घेतो. भरल्यातून रिकामा वजा केला की माल किती ते कळतं. काम सोपं आहे. नियम एकच, मालकांनी पहिल्या दिवशी शिकवलेला: गाडी घेण्याआधी शून्य बघायचं. रिकामा फलाट शून्य दाखवत नसेल तर पुढचं सगळं खोटं. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. ड्रायव्हर लोक मला टनभाऊ म्हणतात, ते मात्र कामावरून नाही. माझं वजन एकशे अठरा आहे.

हे सगळं ताईसाठी चाललंय. ताई माझी थोरली बहीण. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा मशीनवर जाते. दाजींना साखर आहे, त्यांची चालत नाही. माझी जुळते. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनाच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही. नव्वदच्या खाली या, आणि वर्ष संपायच्या आत या. त्यापुढे ताईंचं काही सांगता येत नाही. मग ऑपरेशनचे धोके सांगितले. रक्तस्राव होतो, जंतू शिरतात, क्वचित कुणी दगावतंही. मी हो हो म्हणत होतो.

बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "टिल्ल्या, ऐकून भीती नाही वाटली?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"त्यात काय भ्यायचं?"

टिल्ल्या म्हणजे मीच. सातव्या महिन्यात जन्मलो, ओंजळीत मावत होतो म्हणे. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून आठ वर्षांच्या ताईने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. दाजी म्हणतात, तुझ्या ताईला थांबायचं कुठे ते कळलं नाही.

काय वाटलं: काही नाही.

११ जानेवारी

आहारवाल्या बाई वयाने लहान, पण कडक. त्यांनी आज तीन चौकोन आखलेला कागद पुढे केला. तीन महिन्यांनी, वर्षाच्या शेवटी, पाच वर्षांनी. पहिल्यात एकशे आठ लिहिलं. दुसऱ्यात नव्वदच्या खाली. तिसऱ्यापाशी पेन थांबलं.

"पाच वर्षांनी काय?" बाईंनी विचारलं.

"तोवर किडनी दिलेली असेल."

"ती याच वर्षी द्याल हो. त्यानंतर?"

"त्यानंतर काय?"

"अहो, त्यानंतर तुम्ही असालच की कुठेतरी! डोंगर चढायचाय, सायकल चालवायचीय, लग्नातली पॅन्ट घालायचीय, काहीही लिहा. ज्यांना पुढचं काही नसतं ना, त्यांचं वजन गेलेलं परत येतं."

विचार करून सांगतो म्हटलं. सायकल होती माझ्याकडे, ती मागच्याच महिन्यात वॉचमनला देऊन टाकली. बाई दर सोमवारी फोनवर वजन विचारणार आहेत. हॉस्पिटल लांब आहे, नव्वद झाले की थेट या म्हणाल्या.

खाल्लं: दोन अंडी, काकडी, वाटीभर भात. वाटलं: काही नाही.

२० फेब्रुवारी

आमची ही गेली त्याला आज वर्ष झालं. साधा ताप आला आणि चौथ्या दिवशी ती नव्हती. दोन दिवसांनी मी कामावर होतो, गाड्या खोळंबल्या होत्या. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हता. मला काही झालंच नाही. अजून व्हायचंय.

आज पलंग समोरच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. एकट्याला दोघांचा पलंग कशाला? चटई बरी. हिचे कपडे आधीच दिले होते, मोठी भांडी शेजारणीला, भिंतीवरचं घड्याळ दाजींना, घरातला वजनाचा काटा ताईला. तिला तो लागतोच. मशीनवर जाणाऱ्यांना रोज वजन बघावं लागतं, अंगात पाणी किती साचलं ते त्यावर कळतं. त्यामुळे मीही आता दर रविवारी तिच्याकडेच वजन करतो. घर कसं मोकळं झालंय. राहिलेलं सगळं एका बॅगेत मावेल.

ताईला हे कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, "कुठे निघालायस?"

"कुठे नाही. पसारा नको."

१९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत आवारात फेऱ्या मारतो. आज एक ट्रक मागे येत होता, मी त्याच्या वाटेतच चालत होतो. हॉर्न ऐकू आला. बाजूला व्हायला हवं हेही कळलं. पण पाय घाईला आले नाहीत. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ टनभाऊ, मरायचंय काय?"

मी हात वर केला आणि फेरी पूर्ण केली. वाटलं: काही नाही. त्याचाच चेहरा पांढरा पडला होता.

२८ मार्च

एकशे आठ! पोटामुळे मला पायाखालची तबकडी दिसत नाही, ताई वाकून आकडा वाचते. आज तिने दोनदा वाचला. पहिला चौकोन वेळेत पूर्ण झाला. दाजींनी पाठ थोपटली.

ताईला म्हटलं, असंच चाललं तर वर्षाच्या आत सगळं उरकेल. ऑपरेशन झालं की खोली सोडणार आहे, मालकांनाही दुसरा माणूस बघायला सांगतो.

"आणि मग?" ताईने विचारलं.

"मग काय. तुझं काम झालं की मी सुटलो."

ताई काट्याशेजारी खालीच बसली. मशीनमुळे फार थकवा येतो तिला.

११ एप्रिल

ताईने डबा पाठवायला सुरुवात केली आहे. दाजी रोज दुपारी आणून देतात. पहिल्या कप्प्यात लोण्यात बुडवलेला भात, दुसऱ्यात तळलेले बटाटे, तिसऱ्यात घट्ट गोड दूध. मी फोन केला, "ताई, मला हे चालत नाही."

"एक दिवस खाल्ल्याने काय होतंय? मी उभी राहून केलंय."

उभी राहून केलंय म्हटल्यावर माणूस काय बोलणार? दाजींना विचारलं तर त्यांनी वर बघितलं. "तुझ्या बहिणीपुढे माझं काय चालतं का कधी?"

पहिले दोन दिवस खाल्लं. मग डबा हमालांना द्यायला लागलो. ताईला कळता कामा नये, बिचारी जीव टाकून करते. लहानपणीची सवय आहे, मी बारीक झालो की तिचा जीव वरखाली होतो.

२३ मे

एकशे सात. ताईने वाचलं. गेल्या रविवारीही सातच होतं. रोज पहाटे नदीपर्यंत चालतो, केबिनच्या पायऱ्या उगाच वरखाली करतो, गोड तोंडात नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

पॅन्ट मात्र ढगळ झाली. ताई म्हणते, इस्त्रीवाला जास्त तापवतो म्हणून कापड सैल पडतं. असेल.

५ जुलै

बाईंचा फोन. वजन सांगितलं, एकशे सहा.

"आणि पोटाचा घेर?"

दाजींनी पट्ट्याला तिसरं भोक पाडलं ते सांगितलं. बाईंनी ते परत एकदा विचारून घेतलं. "विचित्रच आहे. स्नायू वाढत असतील. पण एवढे? तुम्ही चोरून काही खात नाही ना?"

नाही म्हटलं. त्यांना पटलं नसावं. मलाही स्वतःचा संशय यायला लागलाय. पाच वर्षांच्या चौकोनाचं त्यांनी परत विचारलं. कामावर गाडी आली म्हणून फोन ठेवला. गाडी नव्हती.

१८ जुलै

ताईच्या हाताची शीर बंद पडली. मशीनची सुई जिथे लावतात तीच. आता मानेत नळी घातलीय. डॉक्टर दाजींना म्हणाले, ही नळी फार दिवस ठेवता येत नाही, भावाचं बघा काय ते. दाजींनी मला सांगितलं आणि खिडकीकडे बघत उभे राहिले.

आज मला स्वतःला तबकडी दिसली. वाकायला लागलं नाही, मान खाली घातली तर पोटापलीकडे सरळ सुई दिसली. एकशे पाच. ताई आता काट्यावर जाड टॉवेल पसरून ठेवते, माझ्या पायांना गार लागू नये म्हणून. मी चढलो की तबकडीवरची घडी ती हळूच बाजूला करते. मानेत नळी असताना हे सगळं करते. मला तिच्याकडे बघवलं नाही.

खाल्लं: एक अंडं. वाटलं: आपल्याच्याने होणार नाही.

२२ ऑगस्ट

एकशे चार. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. ताईला म्हटलं, "जमत नाही गं."

ती म्हणाली, "मग सोड. नाही तर नाही. माझ्यासाठी जीव काढू नकोस." आणि अशी हसली की जणू मीच तिला काहीतरी चांगली बातमी दिली. ताई मनाने फार मोठी आहे.

१६ सप्टेंबर

आज मोठ्या काट्यात बिघाड सापडला.

गाडी उतरल्यावर फलाटावर सांडलेली वाळू झाडायला मी एकटा चढलो. केबिनमधला आकड्यांचा पडदा तिथून दिसतो. पडद्यावर नव्वद. हा काटा दहा-दहा किलोंनीच मोजतो, वरचे सुटे किलो सोडून देतो, माणसाच्या वजनाचं त्याला काय कौतुक. पण एकशे चारचा माणूस चढला तर शंभर दाखवायला हवेत. उतरलो, शून्य बघितलं. शून्य बरोबर. परत चढलो, परत नव्वद.

म्हणजे काटा कमी दाखवतोय. किती दिवसांपासून, कोण जाणे. मी मालकांना फोन करून काटा बंद ठेवायला सांगितलं. मालक भडकले. "नव्वदचं कसलं वजन घेऊन बसलास? सरळ चालतोय काटा!"

"चालत नाही. मी स्वतः उभा राहिलो होतो."

"मग तूच बारीक झाला असशील!"

"नाही हो. ताईकडे रविवारी बघितलंय."

रांगेतल्या ड्रायव्हरांनी शिव्यांची लाखोली वाहिली. मी ऐकून घेतली. खोट्या काट्यावर गाडी घेणार नाही.

१८ सप्टेंबर

वजनमापं तपासणारे साहेब आले. सोबत गाडीभर शिक्का मारलेली लोखंडी वजनं. चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली, मधे ठेवून बघितली, थोडी ठेवून बघितली, सगळी ठेवून बघितली. काटा एका आकड्याने चुकला नाही.

"काट्यात खोट नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी माझी हकीकत सांगितली. मालक कपाळाला हात लावून बसले. साहेबांना मात्र गंमत वाटली. त्यांनी मला फलाटावर उभं केलं, नव्वद आले. मग माझ्या हातात पाच किलोचं एक वजन दिलं. नव्वदच. ते घेऊन दहाचं दिलं. शंभर. साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "तुम्ही पंच्याण्णवच्याही खालीच आहात. दुसरा काटा तपासा. शून्य बघता ना त्याचं?"

ताईकडच्या काट्याचं शून्य मी कधी बघितलंच नव्हतं. ताईच्या घरी कोण शून्य बघतं?

१९ सप्टेंबर

रविवार. नेहमीच्या वेळी गेलो. काटा नेहमीच्या जागी, वर टॉवेल. ताई भिंतीला टेकून खुर्चीत. मी चपला काढल्या, काट्यावर चढलो नाही. टॉवेल उचलला. काट्यावर कुणी नव्हतं आणि सुई दहाच्या पुढे उभी होती.

मी काटा उलटा केला. खाली शून्य लावायचं चाक असतं. चाकाच्या दातांत टॉवेलचे धागे अडकले होते.

"ताई, हे तू केलंस?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"आधी नुसतं खोटं वाचत होते. तुला आता दिसेल असं वाटल्यावर चाक फिरवलं. तू गेलास की परत शून्यावर लावते, मला लागतो तो."

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते आठवत नाही. मरायला टेकलीस आणि खेळ करतेस, मी सहा महिने उपाशी राहिलो, मला कुणी काही समजतं का नाही, असलं काहीतरी. काटा लाथेने उडवला, तो जाऊन कपाटावर आपटला. दाजी आतून धावत आले आणि दारातच थांबले.

ताई हलली नाही. माझा आवाज बसेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मला तुझी किडनी नको."

"का? कुणाची हवीय?"

"टिल्ल्या, ती गेल्यापासून तू नुसता वाटत सुटलायस. भांडी दिलीस. सायकल दिलीस. झोपायचा पलंगसुद्धा दिलास. खोली सोडणार, नोकरी सोडणार. आणि त्यात मला किडनी. डॉक्टरांनी मरशील म्हणून सांगितलं, तर हा मान हलवतोय! मला माझ्या भावाचं काहीही चालेल रे. आवराआवर करून निघालेल्या माणसाचं नको."

"आणि तू मेलीस तर?"

"तर मेले. पण तुला ओंजळीतून वाढवलंय मी. माझ्यासाठी म्हणून टेबलावर चढशील आणि उतरायचं विसरशील. ते माझ्या नावावर नको."

मी जिन्यात जाऊन बसलो. दाजींनी पाणी आणून दिलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "पण ती म्हणाली, सांगितलंत तर मशीनवर जायची नाही." मी ग्लास तसाच पायरीवर ठेवला.

काय वाटलं: राग. प्रचंड राग. लिहितानाही आहे.

३ ऑक्टोबर

दोन आठवडे ताईकडे गेलो नाही. नवा काटा आणला, माझा माझा. शून्य बघून चढलो, ब्याण्णव.

आज दुपारी इस्त्रीवाल्याकडे गेलो. दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे थुंकी गिळणं. बराच वेळ शर्टाबद्दल बोललो. शेवटी तोच म्हणाला, "पलंग हवाय का? नेता का? बायको रोज म्हणते, फार जागा खातो." आम्ही दोघांनी तो गादीसकट रस्ता ओलांडून आणला. मला धाप लागली नाही, त्यालाच लागली.

तो गेल्यावर आडवा झालो. गादीत माझ्या बाजूला माझा जुना खड्डा आहे. आता मी त्यात हरवतो. हिच्या बाजूला गादी अगदी सपाट, दुकानातून आणल्यासारखी. ती कधी तिच्या बाजूला नसायचीच. रात्रभर घसरत माझ्या खड्ड्यात यायची आणि सकाळी भांडायची, तुझ्या वजनाने मला झोप नाही म्हणून.

मग मला रडू आलं. दीड वर्षाचं एकदम आलं. शेजारणीने दार वाजवून विचारलं, काय झालं? काय सांगणार? म्हटलं, बायको गेली. ती म्हणाली, "हो, अहो," आणि आत येऊन बसली. जाताना माझीच एक पातेली परत ठेवून गेली.

१४ नोव्हेंबर

एकोणनव्वद. दोनदा शून्य बघितलं. ताईला फोन करून आकडा सांगितला. "खरा?" तिने विचारलं. "काटा घेऊन येतो, तूच बघ," म्हटलं. ती हसली. डॉक्टरांकडे यायला तयार झाली, पण म्हणाली, घेईन असं म्हणत नाही.

१८ नोव्हेंबर

आज हॉस्पिटल. तिथल्या काट्यावरही एकोणनव्वद. आहारवाल्या बाईंनी टाळी वाजवली आणि लगेच तो कागद काढला. तिसरा चौकोन अजून कोराच. मी लिहिलं: सायकलवरून पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं.

"पाच वर्षांसाठी एवढंच?" बाई म्हणाल्या.

"आधी सायकल घ्यावी लागेल."

मग डॉक्टर. त्यांनी जानेवारीतलंच सगळं परत सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. रक्तस्राव होतो. जंतू शिरतात. क्वचित कुणी दगावतंही. तिथे मी म्हटलं, "थांबा." खुर्ची पुढे ओढली. "क्वचित म्हणजे किती क्वचित? रक्त थांबलं नाही तर काय करता? तेव्हा तुम्ही स्वतः असता ना तिथे?" डॉक्टरांनी चष्मा काढला आणि एकेक नीट सांगितलं. मी परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं. सायकल कधी चालवता येईल तेही विचारलं. शेवटी सही केली. ती वाकडी आली.

बाहेर बाकावर ताई बसली होती, गळ्याशी रुमाल बांधून. मी शेजारी बसलो.

"काय म्हणाले?"

"तेच. मागचंच."

"मग?"

"ताई, मला भीती वाटतेय गं. सही केलीय, देणार आहे. पण फार भीती वाटतेय. हात बघ."

ताईने हात बघितला. दोन्ही तळव्यांत धरून चोळला, लहानपणी चोळायची तसा. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मग घेते," ती म्हणाली.

बस येईपर्यंत तिने तो हात सोडला नाही.